चार खुंट्यांची खुर्ची

मी एक जुनी ओकची खुर्ची आहे, आणि माझ्यापायी एका माणसाचा जीव गेला आहे. मित्रांनो, हे मी आधीच सांगून टाकते. वेदरटनच्या वाचनालयात मुले येतात, माझ्यावर बसून पाय हलवतात आणि चित्रे बघतात. माझ्या डाव्या हातावर एक काळा डाग आहे. वाचनालयाच्या बाई म्हणतात, कधीतरी शाई सांडली असेल. ती शाई नाही.

खुर्ची होण्याआधी मी झाड होते. स्कॅलबी हॉल नावाच्या मोठ्या घराच्या दक्षिणेला एक कुरण होते, त्याच्या टोकाला ओढा होता आणि ओढ्यावर मी उभी होते. त्या घरात ‘सर’ हा किताब बापाकडून थोरल्या मुलाकडे जाई. त्या वेळच्या म्हाताऱ्या सरांना दोन मुलगे होते, माइल्स आणि ॲम्ब्रोज. माइल्स थोरला. किताब, जमीन, कुळे, घोडे आणि बापाचे प्रेम, सगळे त्याच्या नावावर होते. धाकट्याच्या नावावर एक कुत्रा होता.

एका नोव्हेंबरात कोल्ह्याची शिकार चालू असताना दोघा भावांनी पैज लावली. ओढा आधी कोण ओलांडतो बघू. ॲम्ब्रोजचा घोडा ओढ्यावरून गेला. माइल्सचा घोडा ओल्या गवतावर घसरला आणि सरळ माझ्यावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. माइल्सची मान वाकडी झाली होती आणि डोळे उघडे होते. ॲम्ब्रोज चिखलात गुडघ्यांवर बसून त्याची टोपी पुसत राहिला.

म्हातारे सर बंदूक घेऊन आले. एका नळीने त्यांनी तडफडणारा घोडा मारला. दुसरी नळी त्यांनी माझ्यात रिकामी केली. ते छर्रे अजून माझ्या पाठीत आहेत. मग त्यांनी कुऱ्हाडी मागवल्या आणि मी पडेपर्यंत ते थंडीत उभे राहिले. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी धाकट्या मुलाला नावाने हाक मारली नाही. ते त्याला ‘उरलेला’ म्हणत. जेवायला बसताना विचारत, “उरलेला आला का?”

आठ वर्षे मी एका छपराखाली वाळत पडले. त्या काळात म्हातारे सर गेले आणि उरलेला सर ॲम्ब्रोज झाला. उंच, तांबड्या केसांचा, हातात सदैव शिकारी चाबूक. त्या चाबकाच्या मुठीत शिसे भरले होते. १८४१ साली त्याने पार्लमेंटच्या निवडणुकीला उभे राहायचे ठरवले आणि आपल्या जमिनीवर राहणाऱ्या जॉब हिंचक्लिफ सुताराला बोलावले.

जॉब हा ठेंगणा माणूस होता. त्याचे हात मात्र दुप्पट मोठ्या माणसाचे होते. माझ्या खोडावरून त्याने तळवा फिरवला.

सर ॲम्ब्रोज म्हणाला, “ह्याची खुर्ची कर. मी निवडून आलो की मला ह्याच खुर्चीवरून मिरवतील.”

जॉबने कान खाजवला. “मालक, मिरवणुकीची खुर्ची फळकुटाची करतात. तीन फेऱ्या झाल्या की लोक ती मोडून तुकडे घरी नेतात. आपल्या गावची रीतच आहे. चुलीवर तुकडा ठेवला की घरात भांडण होत नाही म्हणतात. आमच्या घरी आहे एक. बायको होती तोवर काही उपयोग झाला नाही, ते सोडा.”

“हे माइल्सचं झाड आहे,” सर ॲम्ब्रोज म्हणाला. “हिला कोणी हात लावायचा नाही.”

“मग हिला घरात ठेवा, मालक. मिरवणुकीला मी दुसरी देतो, एका दुपारची तर गोष्ट.”

“माइल्स असता तर तोच मिरवला असता. हीच खुर्ची जाईल, आणि अखंड परत येईल.”

दुकानात आल्यावर जॉबने बराच वेळ पटाशीला धार लावली आणि मग आपल्या मुलीला, हेस्टरला म्हणाला, “पोरी, ह्या माणसाचं डोकं माझ्या रंध्याखाली येत नाही. खुर्चीच अशी करू की लोकांनाही मिळेल आणि ह्यालाही राहील.”

मित्रांनो, त्याची करामत ऐका. त्याने मला चार भागांत केले: एक पाठ, एक बैठक आणि दोन बाजू. कुठेही खिळा नाही, सरस नाही. हे चारही भाग चार लाकडी खुंट्यांनी धरून ठेवले होते, दोन पाठीमागे आणि दोन हातांखाली. लाकडी मोगरीने प्रत्येक खुंटीवर एक ठोका दिला की खुंटी बाहेर येई आणि चार ठोक्यांत मी सुटी होऊन जमिनीवर निजे. एक कपचीसुद्धा उडत नसे. पुन्हा चार ठोके दिले की मी उभी. खुंट्या हेस्टरने तासल्या. तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि तिचे लग्न सायलस नावाच्या विणकराशी ठरले होते. छर्ऱ्यांनी जॉबच्या रंध्याची धार दोनदा घालवली, तेव्हा तिने म्हाताऱ्या सरांना ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे सांगत नाही.

जॉबने मला हॉलवर पोचवले आणि म्हणाला, “मालक, एक गंमत दाखवू का? समजा लोक मोडायला आलेच, तर ह्या मागच्या...”

सर ॲम्ब्रोजने त्याला पुरते बोलू दिले नाही. “लोक मोडायला येणार नाहीत. तुझी सुतारकी तुझ्याजवळ ठेव.”

शेजारी त्याचा कारभारी पिम उभा होता. तो हसला. जॉबने टोपी घातली आणि निघून गेला. ते एक वाक्य पुरे झाले असते, तर मला आज तुम्हांला काही सांगण्यासारखे उरले नसते.

निवडणूक झाली. गावात दोन पक्ष होते, निळे आणि पिवळे. सर ॲम्ब्रोज निळ्यांचा आणि गिरणीवाला ऑर्मरॉड पिवळ्यांचा. मतदान तेव्हा चव्हाट्यावर होई. मंचावर चढायचे, आपले नाव सांगायचे आणि कोणाला मत ते सगळ्यांदेखत ओरडून सांगायचे. दोन्ही बाजूंनी भाड्याचे दांडगे आणले होते. पहिल्या दिवशी सकाळीच एकाचे दात फुटले, दुपारी एका पिवळ्या न्हाव्याला घोड्यांच्या हौदात बुडवून काढले, संध्याकाळपर्यंत खानावळीची एक काच शिल्लक नव्हती.

सर ॲम्ब्रोज जिंकला. माझ्याखाली दोन लांब दांडे घातले, आठ जणांनी मला खांद्यावर घेतले, आणि बाजारातल्या दगडी क्रूसाभोवती तीन फेऱ्या निघाल्या. निळ्या फिती, ढोल, आरोळ्या. तो माझे दोन्ही हात घट्ट धरून बसला होता. दुसऱ्या फेरीला तो हळूच म्हणाला, “बघ, माइल्स.” हे फक्त मी ऐकले.

तिसरी फेरी संपली आणि लोक रीतीप्रमाणे पुढे आले. “उतरा सर, खुर्ची द्या!” आवाजात भांडण नव्हते. ते हसत होते. पण सर ॲम्ब्रोजने हात वर केला, आणि त्याचे शिकारीचे रान राखणारे रखवालदार काठ्या घेऊन माझ्याभोवती उभे राहिले. लोकांना वाटले थट्टा आहे. सायलस विणकर वाकून काठ्यांच्या आत शिरला आणि त्याने माझा पुढचा पाय धरला.

“एक ढलपी द्या ना, सर,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात लग्न आहे. चुलीवर ठेवीन.”

एका रखवालदाराने काठी फिरवली. ती सायलसच्या डाव्या डोळ्यावर बसली. तो ओरडलासुद्धा नाही. त्याने डोळ्यावर हात धरला आणि बोटांतून जे वाहिले ते माझ्या पायावर पडले. मग सगळा बाजार पेटला. मला कसेबसे एका कोठारात नेले. मी अखंड राहिले.

लग्न झाले. सायलसने काळी पट्टी बांधली होती. एका डोळ्याने मागावर बारीक सूत दिसत नाही, म्हणून गिरणीत तो गासड्या उचलू लागला.

सहा वर्षांनी, १८४७ साली, पुन्हा निवडणूक आली. त्या वर्षी पाव महागला होता. पिवळ्यांनी लांब काठीच्या टोकाला एक इवलासा पाव अडकवला आणि सर ॲम्ब्रोज बोलायला उभा राहिला की ते तो त्याच्या नाकासमोर नाचवायचे. “सर, हा पाव बघा! तुमचा कुत्रा ह्याच्यावर शिंकतो, आम्ही ह्याच्यावर आठवडा काढतो!” मेलेले मांजर मंचावर येऊन पडले. कोणीतरी ओरडले, “पिम साहेब, तुमचे भाऊ आले भेटायला!”

निळे कापड घातलेली मी मंचाशेजारी तयार होते. तिथून मी जॉबला चढताना पाहिले. तो सर ॲम्ब्रोजचे कूळ होता. त्याचे घर आणि दुकान मालकाच्या जमिनीवर होते. पिम खालून मोठ्याने म्हणाला, “जॉब, यंदा घराची कौलं नीट बसवलीस ना रे? नीट बसव. तुझ्यामागून येणाऱ्याला गळायला नको.”

कारकुनाने विचारले, “नाव?”

“जॉब हिंचक्लिफ, सुतार.”

“मत कोणाला?”

जॉबने सर ॲम्ब्रोजकडे बघितले. रागाने नाही. वाकडे लाकूड बघतात तसे. “पिवळ्यांना,” तो म्हणाला. “आणि पिम साहेब, कौलं बसवायला डोळे लागतात. आमच्या घरात एक कमी पडतो.”

लोक हसले. सर ॲम्ब्रोज हसला नाही. चाबकाची मूठ तो तळहातावर आपटत राहिला.

तरीही तो जिंकला, अकरा मतांनी. मला पुन्हा खांद्यावर घेतले. पण ह्या वेळी ढोल ऐकूच येत नव्हते. पहिल्या फेरीला अंडी आली, दुसऱ्या फेरीला चिखल, तिसऱ्या फेरीला दगड. सर ॲम्ब्रोजचे कपाळ फुटले होते, तरी तो ताठ बसला होता. आणि मग चौकातून एकच ओरड उठली, “खुर्ची! खुर्ची! खुर्ची!” पिवळे ओरडत होते आणि निळेही ओरडत होते. सहा वर्षांपूर्वी रीत मोडली तेव्हापासून गावात भांडण थांबले नाही, असे दोन्हीकडच्या म्हाताऱ्या बायका म्हणत होत्या.

रखवालदार सकाळपासून फुकटची बिअर पीत होते. ते पहिल्याच रेट्यात आडवे झाले. शंभर हात माझ्यावर पडले. सर ॲम्ब्रोजने चाबूक उलटा धरला आणि शिशाच्या मुठीने त्या हातांवर मारायला सुरुवात केली. माझ्या हातांवर, माझ्या पाठीवर, माझ्या पायांवर बोटे मोडत होती. ओली फांदी मोडते तसा आवाज येतो, मित्रांनो. मी झाड होते, मला तो आवाज ओळखता येतो. एक दांडा तुटला. मी एका बाजूला कलंडले आणि खांदा देणारा एक माणूस माझ्याखाली सापडला. त्याच्या छातीवरून लोक पुढे येत होते. आणखी थोड्या वेळाने तिथे किती मेले असते, सांगता येत नाही.

तेव्हा मी जॉबला पाहिले. तो दुकानातून धावत आला होता आणि त्याच्या हातात लाकडी मोगरी होती. गर्दीत कोणाला लागू नये म्हणून त्याने ती डोक्यावर उंच धरली होती. “वाट द्या! मला वाट द्या! खुर्ची मी देतो तुम्हांला!” लोकांनी वाट दिली, कारण सुतार त्यांचा होता.

“मालक, उतरा!” तो ओरडला. “मी केली, मी सोडवतो! तुकडे नेऊ द्या त्यांना, मी घरोघर जाऊन गोळा करीन! उतरा!”

त्या गलक्यात सर ॲम्ब्रोजला एक शब्दही ऐकू गेला नाही. कपाळाचे रक्त त्याच्या डोळ्यांत उतरले होते. आपल्याविरुद्ध मत दिलेला माणूस मोगरी उगारून धावत येतोय, एवढेच त्याला दिसले. जॉब माझ्या पाठीमागे वाकला आणि त्याने पहिला ठोका दिला. पहिली खुंटी अर्धी बाहेर आली. माझ्या सांध्यात वारा शिरल्यासारखे हलके वाटले. अजून एक, अजून एक, अजून एक.

दुसरा ठोका झाला नाही. सर ॲम्ब्रोज मागे वळला आणि शिशाची मूठ त्याने पूर्ण ताकदीने जॉबच्या कानशिलावर आणली. जॉब माझ्या डाव्या हातावर कोसळला. त्याचे डोके माझ्यावर होते आणि त्याचा हात अजून खुंटी चाचपत होता. मग तो हात थांबला.

घोडेस्वार आले आणि उपसलेल्या तलवारींनी त्यांनी चौक रिकामा केला. जॉबला आणि मला एकाच गाडीत घालून खानावळीत आणले. त्याला टेबलावर ठेवले, मला कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी तिथेच मृत्यूची चौकशी झाली. बारा पंच होते आणि त्यांतले नऊ सर ॲम्ब्रोजची कुळे. पिमने त्यांना सकाळचा नाश्ता स्वतः वाढला. निकाल लिहिला गेला, अज्ञात इसमाने फेकलेला दगड लागून मृत्यू.

हेस्टर उभी राहिली. “दगड होता तर दगड दाखवा.”

“बाई, खाली बसा,” चौकशी अधिकारी म्हणाला.

“डोकं फोडणारा एवढा मोठा दगड, गेला कुठं? खिशात घातला का कोणी?”

“बसा म्हणतो ना!”

“तुम्ही लिहिलंय ते खोडा, मग बसते. नाहीतर उभीच आहे मी. मरेपर्यंत उभी आहे.”

तिला दोन शिपायांनी बाहेर काढले. सर ॲम्ब्रोज डोक्याला पट्टी बांधून खिडकीशी बसला होता. त्याने तिच्याकडे बघितले नाही. तो पिमला एवढेच म्हणाला, “माझ्यावर मोगरी घेऊन आला होता तो. माझा नेम चुकला असता तर मी आज त्या टेबलावर असतो.” आणि मित्रांनो, हे तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते. पंचवीस वर्षे वाटत राहिले.

वसंतात जॉबचे घर रिकामे करून घेतले. हेस्टर आणि सायलस बापाची हत्यारे एका पोत्यात घालून गिरणीच्या चाळीत राहायला गेले.

मी स्कॅलबी हॉलच्या दिवाणखान्यात आले. तिथे माझे फार कौतुक झाले. दर शनिवारी मेण लावून मला चकचकीत करत. पाहुणे म्हणत, केवढी मजबूत खुर्ची, दंगलीतूनसुद्धा अखंड आली. मागे अर्धी बाहेर आलेली खुंटी तशीच होती, तिला हात लावायचा नाही असा हुकूम होता. तिच्यात मोलकरणींचे झगे अडकून फाटत आणि त्या मला हळूच लाथ मारत. मला ती लाथ मेणापेक्षा बरी वाटे.

सर ॲम्ब्रोज माझ्यावर बसून पार्लमेंटची भाषणे पाठ करी. बहुतेक भाषणे एकाच विषयावर असत, लोकांच्या हातातल्या हत्यारांबद्दल. कापणीच्या दिवसांत त्याच्या गंज्या कोणीतरी पेटवल्या, तेव्हा त्याने दोन मजुरांना चाबकाने फोडले. त्यांतला एक निर्दोष होता, असे पुढे कळले. ज्या कुत्र्याने माझा पाय चावला त्या कुत्र्याला त्याने गोळी घातली. त्याची बायको त्या खोलीत येईनाशी झाली. बोलताना तो डाव्या हातावरचा डाग अंगठ्याने घासत राही. तो डाग गेला नाही, उलट गुळगुळीत झाला.

१८७२ साली नवा कायदा आला. आता मत गुपचूप, पेटीत. पिम मेला होता. सर ॲम्ब्रोज साठीला आला होता, पायांना सूज, हातात चाबकाऐवजी जाड काठी. त्याने निवडणूक सोडली. त्याच आठवड्यात मी त्याच्याखाली डगमगले आणि तो पडता पडता वाचला. पंचवीस वर्षे सैल राहिलेली खुंटी, दुसरे काय होणार? सुतार बोलावले. एक आला, माझ्या मागे बघून टोपी घालून परत गेला. दुसरा दारातूनच म्हणाला, “हे हिंचक्लिफचं काम आहे. त्याच्या मुलीशिवाय कोणाला कळायचं नाही, आणि कळलं तरी मी हात लावायचा नाही.”

मग हेस्टरला निरोप गेला. ती येईल असे कोणालाच वाटले नव्हते. ती आली. केस पांढरे, कमरेला बापाच्या हत्यारांची पिशवी. गिरणीतले धोटे दुरुस्त करून ती घर चालवत होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“बस,” सर ॲम्ब्रोज म्हणाला.

“मी उभी आहे,” ती म्हणाली. “पंचवीस वर्षं उभी आहे. उठा तुम्ही.”

तो काठीवर भार देऊन उठला. हेस्टरने पिशवीतून मोगरी काढली. तीच मोगरी. आणि मित्रांनो, त्या म्हाताऱ्याचा हात आपोआप वर गेला. काठी तिच्या डोक्यावर उगारली गेली. ती हलली नाही.

“मारा,” ती म्हणाली. “सवयीचंच आहे. पण ह्या वेळी आधी बघा, मग मारा.”

तिने माझ्या मागे वाकून पहिला ठोका दिला. बापाने अर्धी सोडलेली खुंटी टुणकन जमिनीवर पडली. दुसरा ठोका. मग दोन्ही हातांखाली एक एक. माझी पाठ मागे निजली, बाजू दोन्हीकडे निजल्या, बैठक मध्ये राहिली. कुठे तडा नाही, कुठे ओरखडा नाही. सगळे मिळून अर्धे मिनिटही लागले नसेल.

सर ॲम्ब्रोजची काठी खाली आली. तो माझ्या चार भागांकडे बघत राहिला.

“हे,” तो म्हणाला. “तो हे करायला आला होता?”

“लोकांना तुकडे मिळाले असते. संध्याकाळी बाबा घरोघर फिरून, हसत, गोळा करून आले असते. रात्रीच्या जेवणाआधी तुमच्या भावाचं झाड तुमच्या दारात उभं असतं. सांगायला आले होते ते तुम्हांला. तुम्ही म्हणालात, सुतारकी तुझ्याजवळ ठेव.”

“मला वाटलं...”

“तुम्हांला काय वाटलं ते कागदावर नाही. कागदावर दगड आहे. तो दगड काढा.”

त्याने चौकशी कचेरीला पत्र लिहिले. तिथे आता जुन्या अधिकाऱ्याचा मुलगा होता. त्याने पत्र परत पाठवले आणि वर लिहिले, साहेबांनी तब्येतीला जपावे. ते पत्र सर ॲम्ब्रोजने दोन दिवस खिशात ठेवले. तिसऱ्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, त्याने माझे चारही भाग आणि खुंट्या गाडीत घालायला लावले आणि तो स्वतः गाडीत बसला.

दगडी क्रूसाच्या पायरीवर मला ठेवले. भाजीवाले, गिरणीतले लोक, बायका, सगळे थांबले. हेस्टर आणि सायलस पुढेच होते. सर ॲम्ब्रोजने टोपी काढली. ह्या चौकात त्याने टोपी काढलेली कोणी बघितली नव्हती.

“जॉब हिंचक्लिफला दगड लागला नाही,” तो म्हणाला. आवाज फाटत होता. “मी मारलं त्याला, चाबकाच्या मुठीनं. तो मला मारायला आला नव्हता. भांडण सोडवायला आला होता.” मग त्याने माझ्याकडे हात केला. “ही तुमची खुर्ची. एकतीस वर्षं उशीर झाला.”

मग गर्दीतून एक दगड आला. कोणी मारला ते आजवर कळलेले नाही. तो सर ॲम्ब्रोजच्या तोंडावर बसला आणि तो क्रूसाच्या पायरीवर पडला. पंचवीस वर्षांपूर्वी कागदावर लिहिलेला दगड शेवटी खराच आला होता. लोकांचे हात जमिनीकडे वळले. चौकात दगडांची कमी नव्हती. पंचवीस वर्षांची भूक, मोडलेली बोटे, चाबकाचे वळ, सगळे त्या हातांत होते.

हेस्टर पायरीवर चढली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. बापाची मोगरी तिच्या हातात होती.

“खाली टाका,” ती म्हणाली. “टाका म्हणते ना! माझा बाप ह्याच जागी हेच थांबवताना मेला. त्याचं काम आज पुरं होतंय. ज्याला दगड मारायचाय त्यानं आधी मला मारावा.”

एक दगड खाली पडला. मग दुसरा. ते पडल्याचे आवाज मी एक एक ऐकले.

“आणि खुर्ची घ्या,” ती म्हणाली. “तुमची आहे.”

कोणी पुढे आले नाही. शेवटी सायलस वाकला. त्याने माझा भाग उचलला नाही. शेजारी ठेवलेली एक खुंटी उचलली, तीच, जॉबने अर्धी सोडलेली. ती त्याने कोटाच्या खिशात घातली.

“ढलपीच मागितली होती मी,” तो म्हणाला.

सर ॲम्ब्रोज रक्ताने भरलेल्या तोंडाने त्याच्याकडे बघत होता. त्याला काही बोलायचे होते, पण दोन दात तुटले होते. तो त्या हिवाळ्यात गेला. खटला उभा राहिला नाही. कागद मात्र बदलला. इतक्या लोकांनी ऐकल्यावर तो बदलावाच लागला, आणि आता त्या नोंदवहीत जॉबच्या नावापुढे दगड नाही.

हेस्टरने मला तिथेच क्रूसाच्या पायरीवर पुन्हा उभे केले. तीन जुन्या खुंट्या आणि एक नवी. मग मला गावाच्या वाचनालयात ठेवले. कोणी माझ्यावर हक्क सांगितला नाही.

तर मित्रांनो, माझी एक विनंती आहे. मला जपा, पण फार जपू नका. मेण लावू नका, दोरी बांधून ‘बसू नये’ असे लिहू नका. लहान मुले, थकलेल्या बायका, उन्हातून आलेले मजूर, कोणालाही बसू द्या. डाग पुसायचा प्रयत्न करू नका. आणि माझ्यावरून तुमच्यात कधी भांडण पेटलेच, तर कोणी हातात मोगरी घेऊन धावत येईल. त्याला आधी बोलू द्या. त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. खुंट्या चार आहेत, दोन पाठीमागे आणि दोन हातांखाली. प्रत्येकीला एकच ठोका पुरतो.